गाडीतली खरखर

हे मी लिहीत नाही, बोलतोय. फोनमध्ये बोललं की तो लिहून घेतो, हे मला औषधाच्या दुकानातल्या मुलीनं शिकवलं. त्याला आमचं 'हाय' आणि 'न्हाय' कळत नाही, भलतंच काहीतरी उमटतं म्हणे, म्हणून जरा मास्तरासारखं बोलावं लागतंय. मधेच आमची बोली घुसली तर घुसू दे. काय लिहून झालंय ते मला वाचता येणार नाही, तेव्हा चुकलंमाकलं असेल तर ती चूक फोनची.

मला काचबिंदू आहे. बाजूबाजूनं अंधार सरकत आला आणि आता मधे बांगडीएवढं उजेडाचं भोक उरलंय, तेही धुरकट. त्यातून माणूस दिसतो, पण कोण माणूस ते कळत नाही. दार दिसतं, उंबरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवा, थेंब घालत राहा. मी रिक्षा करून एकटाच त्यांच्याकडे जातो, थेंब आणतो आणि बाटली देव्हाऱ्याच्या मागं लपवून ठेवतो. आपल्याच घरात चोरासारखं का वागायचं, ते सांगतो.

बायको गेली तेव्हाची गोष्ट. तेराव्याला घर पावण्यारावळ्यांनी भरलेलं. जेवणं उरकली आणि पोराच्या मामानं सगळ्यांदेखत विषय काढला, "आता आप्पांचं काय करायचं?" पोरगा म्हणाला, "दिसतंय, फिरतंय तवर राहू द्यात की हितं. डोळं थकलं की मग मी नेतोच पुण्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगा गुणाचा, असं एक मावशी म्हणाली. मला कुणी काही विचारलंच नाही. मी तिथंच बसलो होतो, सौदा चाललाय आणि म्हैस दावणीला उभी आहे तसा. आणि डोळे तर तेव्हाच दगा द्यायला लागले होते.

पुण्याला मी राहून आलोय. फ्लॅट इतका उंच की खालच्या माणसाचा आवाज वर पोचत नाही. लिफ्टमधली बाई इंग्रजीत मजला सांगते, तेवढीच काय ती बोलणारी. शेजारच्या दाराचं नाव काय, विचारलं तर सुनेला माहीत नव्हतं. इथं मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. तालमीच्या कट्ट्यावर बसलो तर येणारा-जाणारा ओरडून विचारतो, "काय आप्पा, जेवला का?" इथल्या बोळातली गटार कुठं फुटलीय, कुणाच्या पायरीला कोपरा आहे, दूधवाल्याची घंटा कुठल्या वळणावर वाजते, सगळं माझ्या पायांना ठाऊक आहे. पुण्याला गेलो असतो तर मी आंधळा झालो असतो. इथं मी नुसता म्हातारा होतो.

तर ठरवलं, दिसत नाही हे पोराला कळू द्यायचं नाही.

रोजचं सोपं होतं, कारण तो रोज नसतो. फोनवर कुणाचे डोळे दिसतात? अवघड दिवस एकच, पौर्णिमेचा. बायकोनं जन्मभर पौर्णिमेची वाडी चुकवली नाही. नृसिंहवाडीला जायचं, घाट उतरायचा, पादुकांचं दर्शन घ्यायचं, बासुंदी खायची आणि कवठाची बर्फी बांधून आणायची. ती गेल्यावर पोरगा म्हणाला, आईचं व्रत मी मोडणार नाही. दर पौर्णिमेला पुण्याहून सकाळच्या गाडीनं येतो आणि दारातली माझी जुनी गाडी काढतो. ती मी रिटायर झालो तेव्हा घेतलेली. पूर्वी मी चालवायचो आणि बायको डावीकडं बसायची. आता पोरगा चालवतो आणि मी तिच्या जागेवर.

त्या जागेवर बसल्यावर माझ्या हाताला रेडिओ लागला. कंपनीतनं गाडीबरोबर आलेला, साधा. दोन गोल बटणं, एक आवाजाचं आणि एक स्टेशनाचं. गाडी चालवत होतो तेव्हा मी त्याच्याकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. रेडिओ हे बायकोचं खातं. ती बटण पिळत बसायची आणि मी करवादायचो, "एका जागी ठेव की ते, काय लोणी काढतीयास?"

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत इलेक्ट्रिकलला होतो. तिथं पोरं दुपारच्या सुट्टीत रेडिओ लावायची आणि शेजारची भट्टी चालू झाली की रेडिओ गुरगुरायचा. मीडियम वेव्हचं असंच असतं. जिथं मोठी वीज वाहते तिथं तो कण्हतो, डोंगराआड गेला की मुका होतो, तारांखालून गेला की तडतडतो. हे मला नोकरीपासून ठाऊक होतं, पण त्याचा आपल्याला काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. एका पौर्णिमेला पोरानं एफएमवर गाणी लावली होती. मी उगाच चाळा म्हणून बटण मीडियम वेव्हवर नेलं आणि रेडिओ एकदम गुरगुरला. माझ्या अंगावर काटा आला. ही तर आपली शिरोली! हीच ती भट्ट्यांची गुरगुर. कुठं आलोय हे मला डोळ्यांशिवाय कळलं होतं.

मग नादच लागला. पंचगंगेचा पूल ओलांडला की आवाज जरा मोकळा होतो. शिरोलीत भट्ट्या. पुढं मोठ्या तारा रस्ता ओलांडून जातात तिथं चण्यासारखी तडतड. हातकणंगल्यात रस्त्याकडेचे विजेचे डीपी आणि दुकानांच्या पाट्यांचे दिवे, त्यांची बारीक शिट्टी. तमदलग्याच्या खिंडीत स्टेशन गिळल्यासारखं गप्प. खिंड उतरली की परत बोलायला लागतं, आणि जयसिंगपूर येईपर्यंत चांगलं खणखणीत. स्टेशनावर काय चाललंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. शेतीविषयक सल्ला असो नाहीतर भजन, मी त्याच्या मागची खरखर ऐकायचो.

आणि मग मी पोराला ऐकवायचो. "लेका, खिंड आली, पुढं उसाचा ट्रॅक्टर असतोय, दमानं." "हातकणंगल्यात गर्दी बघ की किती वाढलीया." "ऊस काय माजलाय यंदा!" ऊस आमच्याकडं माजलेलाच असतो, त्यात काय चुकायचंय? तो म्हणायचा, "आप्पा, तुमचं लक्ष लय बारीक हाय." मी पुरीसारखा फुगायचो. एकदा तो म्हणाला, "लावा की जरा चांगलं काहीतरी, काय ती खरखर ऐकताय?" मी म्हटलं, "तुझ्या आईचं स्टेशन हाय." तिचं नाव घेऊन थापा मारल्या, तिला राग आला नसेल. तिलाही मी इथंच हवा होतो.

असं सगळं बरं चाललं होतं आणि पोराला माझं कौतुक करायची हुक्की आली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच तो आला. म्हणाला, "आप्पा, चला, गाडीला एक चीज बसवायची हाय." मला शाहूपुरीत एका कार डेकोरच्या दुकानात घेऊन गेला. खोकं उघडल्याचा आवाज आला, थर्माकोल कुरकुरला, आणि दुकानदार जोरात म्हणाला, "पावणं, हात लावून बघा, अख्खा टीव्ही हाय टीव्ही!" मी हात लावला. काच. नुसती गार काच, ताटाएवढी. बटण कुठंच नाही.

"जुना काढायचा?" मी विचारलं.

"मग काय दोन-दोन ठेवताय?" दुकानदार हसला. "काळजी करू नका. वायर कापत न्हाय आपण. कपलर टू कपलर बसतंय."

"ह्यात मीडियम वेव्ह लागतंय का?"

"मीडियम वेव्ह?" तो असा म्हणाला, जणू मी बैलगाडीचं चाक मागितलंय. "कोण ऐकतंय आता, पावणं? ह्यात मोबाईल जोडायचा. जगातलं काय पायजे ते लावा. आवाज एकदम क्लीन. खरखर म्हणून औषधाला मिळायची न्हाय."

आता काय बोलायचं? नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. खर्चाचं म्हटलं तर तो म्हणाला, पैसे दिलेत. जुना चांगला आहे म्हटलं तर म्हणाला, "चांगला कुठला? नुसता खरखरतोय. मी बघतोय की दर महिन्याला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! मी बाहेर स्टुलावर बसलो आणि आतून डॅशबोर्डच्या क्लिपा उचकटल्याचा टक टक आवाज ऐकत राहिलो.

बसवून झाल्यावर मला पुन्हा माझ्या जागेवर बसवलं. काचेवर उजेड पडला तेवढा कळला, एक निळसर ढग.

"कसा दिसतोय स्क्रीन?" पोरानं विचारलं.

"झकास," मी म्हटलं.

"रिव्हर्सचा कॅमेरा पण हाय. बघा हं." त्यानं गिअर टाकला. ढगाचा रंग बदलला. "दिसतंय न्हवं मागचं?"

"लख्ख दिसतंय की."

"काय दिसतंय?"

मी मान पुढं केली. पण दुकानदारच मदतीला धावला, "मोटरसायकल लावलीया कुणीतरी गाडीच्या बुडाला, हलवा रे ती!" मी म्हटलं, "व्हय, ती मोटरसायकल." सुटलो एकदाचा. जुना रेडिओ टाकून देऊ का, असं दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, "द्या हिकडं." पिशवीत घालून मांडीवर घेऊन घरी आणला. पोरगा म्हणाला, "काय करणार त्याचं?" मी म्हटलं, "इलेक्ट्रिकलचा माणूस हाय मी, काय बी करीन." आवाज जरा चढाच लागला माझा. त्या रात्री मला झोप आली नाही. सारखं मनात येत होतं, उद्या आपली परीक्षा आहे आणि वही-पुस्तक सगळं काढून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पोरानं आपला फोन त्या काचेला जोडला आणि बासरी लावली. काय आवाज होता, खोटं कशाला बोलू! एवढा स्वच्छ की वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू यायचा. आणि तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून काचा वर, एसी चालू. बाहेरचं जग बंद. पूल आला आणि गेला, मला पत्ता नाही. शिरोली आली असेल, गेली असेल. माझ्या आयुष्याची सगळी वर्षं जिथं गेली त्या भट्ट्यांच्या समोरून मी गेलो आणि बासरी वाजतच राहिली. जरासुद्धा हलली नाही.

मी बाकीचं चाचपून बघितलं. पूर्वी हातकणंगल्याच्या आधी स्पीडब्रेकर असायचे, ते धरून अंदाज बांधावा म्हटलं, तर रस्ता रुंद करण्याच्या कामात ते गेलेले. नुसतेच खड्डे, नुसतेच वळसे. वाटेत साखर कारखान्याच्या मळीचा वास येणारी जागा होती, पण काचा बंद. बोललो नाही तर संशय येईल, कारण मी वाडीच्या वाटेवर कधी गप्प बसत नाही. शेवटी गाडी जरा हळू झाली, आजूबाजूला हॉर्न वाजले, तेव्हा मी हिंमत केली.

"हातकणंगल्यात आज बाजार हाय वाटतं," मी म्हटलं.

एक क्षण बासरीच वाजली. मग पोरगा म्हणाला, "व्हय, आप्पा."

हायसं वाटलं. म्हटलं, जमतंय की आपल्याला रेडिओशिवाय पण! मग अंगात आलं. थोड्या वेळानं गाडी चढाला लागल्यासारखी वाटली, मी म्हटलं, "खिंड आली, दमानं घे." तो म्हणाला, "व्हय." चढ संपला, मी मनातल्या मनात वेळ धरली, आणि परत गर्दीचे हॉर्न आले तेव्हा ठणकावून म्हटलं, "आलं बघ जयसिंगपूर. लवकर आणलंस लेका, भारी पळवतोयस गाडी."

"व्हय आप्पा, आलं की जयसिंगपूर," तो म्हणाला. आणि म्हणाला, "च्या घेऊया."

गाडी थांबली. दार उघडल्यावर बाहेरचा गलका, डिझेलचा धूर आणि उकळत्या चहाचा वास एकदम अंगावर आला. पोरानं ग्लास माझ्या हातात दिला. नुसता पुढं केला नाही, माझी बोटं धरून त्यांच्यात दिला. मी खूष होतो. चहावाल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून विचारलं, "काय पावणं, शिरोळ किती लांब असंल हितनं?"

"शिरोळ?" चहावाला भांडं खाली ठेवून ओरडला. आमच्याकडं साधं बोलणंही ओरडूनच असतं. "आवं, अजून खिंड चढायची हाय, जयसिंगपूर व्हायचं हाय! हातकणंगलं हाय हे, पावणं. झोप लागलीती काय गाडीत?"

टपरीवरची माणसं हसली. माझ्या हातातला ग्लास तापलेला होता, तो मी खाली ठेवला नाही. पोरगा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानंच मला मघाशी सांगितलं होतं, जयसिंगपूर आलं. खिंड आली. व्हय, आप्पा. आणि तो पुण्याचा असला तरी जन्मला याच मातीत, त्याला का हातकणंगलं आणि जयसिंगपूर वेगळं कळत नाही?

मी त्याच्याकडं तोंड केलं. त्यानं चहावाल्याला पैसे दिले आणि म्हणाला, "चला आप्पा, उशीर व्हतोय."

गाडीत बसल्यावर मला एकेक आठवायला लागलं. वाडीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना हा नेहमी माझ्या एक पायरी पुढं असतो आणि चपला मुद्दाम आपटत चालतो. मी म्हणायचो, काय रे, पायात बेडी आहे काय? घरी आला की माझी औषधं, साखर, काडेपेटी, जिथली वस्तू तिथंच ठेवतो, आणि सुनेलाही फोनवर सांगताना मी ऐकलंय, आप्पांच्या घरात खुर्ची हलवायची नाही. बासुंदीची वाटी माझ्यासमोर ठेवताना वाटी टेबलावर वाजवतो. मला वाटायचं, आदळआपट करायची खोडच आहे याला, आईवर गेलाय. म्हणजे याला ठाऊक होतं. आज नाही, कधीपासूनच ठाऊक होतं. मी खिंड आली म्हणायचो आणि खिंड खरंच आलेली असायची, त्याचं त्याला कोडं पडत असेल, एवढंच.

मग मी तयारीला लागलो. आता हा बोलणार. म्हणणार, आप्पा, झालं हे बास, चला पुण्याला. माझी उत्तरं कधीची पाठ होती. घर कोण बघणार? तुझ्या आईचा देव कोण पूजणार? तालमीतली माणसं आहेत, औषधवाली मुलगी आहे, डबा येतो, रिक्षावाला दारात येतो. आंधळी माणसं काय एकटी राहत नाहीत? मी मुद्दे जुळवत बसलो. खिंड आली असावी, गाडी खरोखरीची चढत होती. तो बोलला नाही. उतरलो, जयसिंगपूर गेलं, शिरोळ गेलं. बासरी वाजतच होती.

वाडीत घाट उतरताना मी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता कशाला लपवायचं? त्यानं चपला आपटायचं बंद केलं आणि हळू चालायला लागला. दर्शनाची रांग मोठी होती. मागून कुणीतरी बाई म्हणाली, आजोबांना पुढं सोडा, दिसत नाही त्यांना. आत्ता बोलेल, म्हटलं. लोकांनीच तोंड उघडून दिलंय. तो त्या बाईला म्हणाला, "असू द्या, आम्ही रांगेतनंच जातो." बासुंदी खाल्ली. त्यानं वाटी वाजवली. बर्फी बांधून घेतली. नदीवर वारा सुटला होता आणि नावाडी गिऱ्हाईकाला हाका मारत होते. मी पायरीवर बसून राहिलो जरा वेळ, त्याला बोलायला सोपं जावं म्हणून. तो फोनवर सुनेशी बोलत होता. मुलीच्या क्लासचं काहीतरी, पाणी येत नाही त्याचं काहीतरी, रात्री पोचतो.

परत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एक विचित्र कल्पना आली. राग होता, की आणखी काय होतं, कोण जाणे. अजून वाडीच्या कमानीतून बाहेर पडलो असू-नसू. तिथून जोतिबाचा डोंगर दिसेल कसा, तो राहिला कोल्हापूरच्याही पलीकडं! मी समोर बोट केलं आणि म्हटलं, "जोतिबा काय सुंदर दिसतोय बघ आज. देवळाचं शिखर सुद्धा दिसतंय."

मनात म्हटलं, आता तरी हास लेका. म्हण, आप्पा, पुरे करा नाटक. म्हण, तुम्हाला दिसत नाही. एकदा ते शब्द तोंडातून निघाले की पुढचे शब्द काढावेच लागतात, तेराव्याला सगळ्या पावण्यांसमोर दिलेले.

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग घसा साफ करून म्हणाला, "व्हय, आप्पा. लय स्वच्छ दिसतोय."

आणि हात पुढं करून त्या काचेवर कुठंतरी बोट लावलं, बासरीचा आवाज वाढवला.

बास. त्यानंतर मी काही सांगितलं नाही आणि त्यानं काही विचारलं नाही. घरी सोडलं, कुलूप काढून दिलं, बर्फी फ्रीजमध्ये ठेवली. निघताना उंबऱ्यापाशी थांबला. म्हणाला, "थेंब वेळेवर घालत जावा आप्पा. देव्हाऱ्यामागं ऊन येतंय दुपारचं, औषध खराब व्हतंय. मी फ्रीजमधी ठेवलीया बाटली, दाराच्या कप्प्यात." मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "येतो मग पौर्णिमेला." मी म्हटलं, "ये." रिक्षा बोळातून वळली तिथपर्यंत मला ऐकू आली.

मी त्याला दोष देत नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, बायकोची नोकरी, मुलीचं बारावीचं वर्ष, त्यात हा आंधळा बाप कुठं ठेवायचा? माझ्यावर जीव नसता तर चपला आपटत कशाला चालला असता? मला न्यायचं नव्हतं त्याला, आणि मला जायचं नव्हतं. दोघांच्याही मनासारखं झालंय. मी त्याच्या मनासारखं वागावं म्हणून त्याला काही करावंच लागलं नाही, मी स्वतःच एवढा जीव तोडून सोंग करत होतो.

जुना रेडिओ मी इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडलाय. कामगाराचे हात अजून गेले नाहीत, वायर कुठली ते बोटांना कळतं. टेबलावर ठेवलाय, मीडियम वेव्हवर. सकाळी लावतो, संध्याकाळी लावतो. फ्रीज चालू झाला की गुरगुरतो, बंद झाला की थांबतो. दुसरं काही होत नाही. घर एकाच जागी असतं, त्यामुळं खरखर एकच. पण कानाला सवय झाली आहे, ऐकत बसतो.

आणि ऐकता ऐकता कधी कधी मी त्या रिकाम्या घरात, आमच्याकडं बोलतात तसा मोठ्यानं, त्याच्याशी बोलतो. म्हणतो, अरे, एकदा 'चला' म्हणायचं की लेका. मी न्हाईच म्हटलं असतं.